कोचीतली परिषद आणि जोडून तीन दिवस : आधी वार बघा, मग स्थळं

प्रश्न थोडक्यात असा : फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कोचीला गुरुवार ते शनिवार परिषद, स्थळ वैट्टिला-मरड भागातलं हॉटेल. पुण्याहून तुम्ही, पत्नी आणि सत्तरीच्या आई निघणार. आईंचे गुडघे दुखतात. सोमवार-मंगळवारची रजा मिळू शकते, म्हणजे रविवार धरून तीन दिवस हातात. त्यात फोर्ट कोची, मुन्नार आणि आलप्पुळ्याची हाउसबोट बसवायची आहे, आणि परिषदेच्या दिवसांतही सकाळ-संध्याकाळ काही पाहून होईल का, हे विचारलं आहे.

तुम्ही स्थळांची यादी करून ती दिवसांत कोंबायला बघताय. कोचीत हे उलटं करावं लागतं. हे शहर पाण्याने तुकडे केलेलं आहे : मुख्य भूमीवर एर्नाकुलम, समोर विलिंग्डन बेट, पलीकडे मट्टनचेरी आणि फोर्ट कोची, उत्तरेला बोलगाट्टी आणि वैपीन. नकाशावर वैट्टिला ते फोर्ट कोची हे अंतर चौदा-पंधरा किलोमीटर वाटतं, पण रस्ता पुलांवरून वळसा घेऊन जातो आणि संध्याकाळी पाऊण ते एक तास सहज खातो. त्यामुळे ‘कुठे राहणार’ आणि ‘कोणत्या वारी कुठे असणार’ हे दोन निर्णय आधी घ्यायचे. स्थळं मग आपोआप जागेवर बसतात.

पहिल्यांदा परिषदेच्या दिवसांबद्दल. सकाळी नऊला सत्र सुरू, संध्याकाळी पाच-साडेपाचला संपणार, त्यानंतर चहा, ओळखी, आणि एका रात्री परिषदेचं जेवण. फेब्रुवारीत कोचीचा सूर्यास्त साडेसहाच्या पुढे असतो. म्हणजे साडेपाचला निघून फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावरच्या चिनी मासेमारी जाळ्यांमागे मावळता सूर्य दिसेल असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही वाटेतल्या तोप्पुंपडीच्या आसपास गाडीत बसून सूर्यास्त बघाल. कथकलीचे प्रयोगही बहुतेक ठिकाणी सहा-साडेसहाला सुरू होतात आणि त्याआधी तासभर रंगभूषा बघायला मिळते. ती चुकली तर अर्धी गंमत गेली. म्हणून माझं स्पष्ट मत : गुरुवार ते शनिवार तुमच्या नावावर एकही ठिकाण लिहू नका. परिषदेला जाऊन अर्धं लक्ष घड्याळाकडे ठेवलं तर पेपरही नीट होत नाही आणि फिरणंही.

घरच्यांचं मात्र वेगळं. त्या दोघी तीन दिवस हॉटेलच्या खोलीत बसणार नाहीत, आणि इथे वारांचा घोळ सुरू होतो. मट्टनचेरीचा राजवाडा, ज्याला डच पॅलेस म्हणतात, शुक्रवारी बंद असतो. तिथून काही पावलांवरचं ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ, परदेशी सिनेगॉग, शनिवारी बंद, आणि शुक्रवारच्या दिवशीही त्याच्यावर भरवसा ठेवू नये. ज्यूंच्या सणांनाही ते बंद असतं. तृप्पुणित्तुराचा हिल पॅलेस सोमवारी बंद. आता तुमचं वेळापत्रक बघा : परिषदेचे शुक्रवार-शनिवार हे नेमके मट्टनचेरीला न जाण्याचे दिवस आहेत. लोक शनिवारी मोकळा वेळ मिळाला म्हणून तिकडे जातात, सिनेगॉगच्या बंद दारासमोर उभे राहतात आणि मसाल्याची दुकानं बघून परत येतात.

त्यामुळे मट्टनचेरी आणि फोर्ट कोची हा सगळा पट्टा परिषदेनंतरच्या सोमवार-मंगळवारसाठी राखून ठेवा. तिघे मिळून बघाल, सगळं उघडं असेल. घरच्यांसाठी परिषदेच्या दिवसांत मुख्य भूमीवरच्या, हॉटेलपासून जवळच्या गोष्टी ठेवा. गुरुवारी फार काही नको, आदल्या दिवशीचा प्रवास असतो. शुक्रवारी हिल पॅलेस : कोचीच्या राजघराण्याचं पूर्वीचं निवासस्थान, आता संग्रहालय, मरडहून जवळ. पण समोरच्या बाजूने पायऱ्यांची रांग आहे. आईंना ती झेपणार नाही असं वाटत असेल तर गाडी आत कुठवर जाते ते आधी विचारून घ्या, नाहीतर त्यांनी खालच्या बागेत बसणं उत्तम. शनिवारी तेवऱ्याचं केरळ फोकलोअर म्युझियम. जुन्या लाकडी घरांचे भाग जोडून उभी केलेली ही तीन मजली इमारत वस्तूंनी गच्च भरलेली आहे. इथेही जिने आहेत, पण तळमजल्यावरच तासभर जाईल इतकं आहे.

आणि गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी कोचीतली सगळ्यात चांगली सफर म्हणजे वॉटर मेट्रो. ही सेवा २०२३च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. बोटी विजेवर चालतात, वातानुकूलित आहेत, आणि धक्का तरंगता असल्यामुळे पाणी वर-खाली झालं तरी बोट आणि धक्का एका पातळीत राहतात. त्यामुळे उडी मारून चढायची वेळ येत नाही. वैट्टिला ते काक्कनाड हा मार्ग तुमच्या हॉटेलजवळूनच सुटतो, मधे खाडीचा शांत, हिरवा भाग लागतो आणि तसंच बसून परत येता येतं. हायकोर्ट ते फोर्ट कोची हा मार्ग जास्त देखणा आहे, पण शनिवार-रविवारी त्याला लांब रांग लागते. राज्य जलवाहतूक खात्याच्या जुन्या बोटी एर्नाकुलम जेट्टीवरून फोर्ट कोची-मट्टनचेरीला जातात, अगदी स्वस्त आहेत, पण चढता-उतरताना पायरी उंच पडते आणि गर्दीत कोणी थांबत नाही. आईंसोबत त्या टाळा. (आपल्याला कोकणातली भरती-ओहोटी माहीत असते म्हणून लोक विचारतात. कोचीत पाण्याच्या पातळीतला फरक जेमतेम मीटरभराचा असतो. भरतीचं वेळापत्रक बघून बेत आखायची गरज पडत नाही.)

आता खरा पेच : मुन्नार की आलप्पुळा. दोन्ही एकाच सहलीत नाही. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, म्हणून हिशेब मांडतो.

मुन्नार कोचीपासून साधारण १३० किलोमीटर. शेवटचा मोठा टप्पा घाटाचा, त्यामुळे चार ते पाच तास लागतात, वाटेत चहाला थांबलात तर त्याहून जास्त. एका दिवसात जाऊन येणं म्हणजे नऊ-दहा तास गाडीत आणि तीन तास मुन्नारमध्ये. कमीत कमी दोन रात्री हव्यात, म्हणजे तुमचे तिन्ही दिवस तिथेच संपले. शिवाय वळणांचा रस्ता, उतार-चढावाचे मळे, आणि दीड हजार मीटरच्या आसपासच्या उंचीवरची फेब्रुवारीतली थंड रात्र. दुखऱ्या गुडघ्यांना यातलं काहीच मानवत नाही. आणखी एक गोष्ट तुमच्या तारखांना आडवी येते : एराविकुलम राष्ट्रीय उद्यान, जिथे नीलगिरी ताहर हे रानटी डोंगरी बोकड जवळून दिसतात, ते ताहरच्या विणीच्या हंगामासाठी दरवर्षी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये पर्यटकांना बंद ठेवतात. मुन्नारला जाऊन ते न बघणं हे थोडं हिरमोड करणारंच. चहाचे मळे वर्षभर आहेत, तुमच्या पुढच्या सहलीतही असतील.

तरीही मुन्नारच हवं असेल, तर एक गोष्ट पक्की करा : परतीला शहरात येऊ नका. विमानतळ नेडुम्बाशेरीला आहे, एर्नाकुलमच्या उत्तरेला पंचवीस-तीस किलोमीटरवर. मुन्नारहून अडिमाली, कोतमंगलम, पेरुंबावूर या रस्त्याने येताना विमानतळ शहराच्या आधी लागतो. मंगळवारी सकाळी आठला मुन्नार सोडा आणि विमान संध्याकाळी पाचनंतरचंच घ्या. घाटात एखादा ट्रक आडवा झाला तर दोन तास कुठे गेले कळत नाही. गाडी ठरवताना रोजचे किलोमीटर किती, ड्रायव्हरचा भत्ता आणि रात्रीचा मुक्काम धरलाय का, घाटात एसी चालू ठेवणार का, हे तीन प्रश्न फोनवर न विचारता संदेशात लिहून विचारा. वाद होतात ते नेमके याच तीन मुद्द्यांवर.

माझा कौल आलप्पुळ्याला. कोचीपासून साधारण पंचावन्न किलोमीटर, सगळा रस्ता सपाट. फेब्रुवारीत पाऊस नसतो, आणि आलप्पुळ्याच्या सखल कुट्टनाड भागात पुंजा नावाच्या हंगामातलं भात उभं असतं. समुद्रसपाटीच्या खाली असलेली ही शेतं बांधापलीकडून बघताना बोट वर आणि शेत खाली दिसतं. ते बघण्यासाठी हा महिना चांगला. एक तोटा सांगून ठेवतो : समुद्राचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून तण्णीरमुक्कमचा बंधारा साधारण डिसेंबर मध्यापासून मार्चपर्यंत बंद ठेवतात. त्यामुळे आतलं पाणी वाहत नाही, जलपर्णी साठते आणि काही अरुंद कालव्यांत पाणी स्वच्छ दिसत नाही. बोटवाल्याला ‘मोठ्या तळ्याकडे जास्त, गावच्या कालव्यांत कमी’ नेणार की उलट, हे आधी ठरवा. मला स्वतःला कालवे जास्त आवडतात, जलपर्णीसकट. तळ्यात मधोमध गेल्यावर चारी बाजूंना नुसतं पाणी आणि दुसऱ्यांच्या हाउसबोटी.

हाउसबोटीचं घड्याळ हॉटेलसारखं नसतं, आणि तक्रारी तिथूनच निघतात. दुपारी बाराच्या सुमारास चढायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला उतरायचं. शिवाय संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बोटी काठाला बांधतात, कारण रात्री मच्छीमार जाळी टाकतात. म्हणजे एकवीस तासांचे पैसे देऊन बोट चालते ती जेमतेम पाच-सहा तास. दोनला पोहोचलात तर त्यातलेही दोन गेले. म्हणून रविवारी सकाळी कोचीहून उशिरात उशिरा नऊला निघा. स्वस्त बोटींत एसी फक्त रात्री नऊ ते सकाळी सहा चालतो. दुपारी आईंना झोपायला थंड खोली हवी असेल तर ‘दिवसभर एसी’ असं ठरवूनच बुकिंग करा. दोन खोल्यांची एकमजली बोट घ्या. वरच्या डेकचा जिना अरुंद आणि खडा असतो, तो त्यांना उपयोगाचा नाही. चढताना काठ आणि बोट यांच्यामध्ये फळी टाकतात, तिथे एक माणूस पुढे आणि एक मागे हवा. जेवण बोटीवरच शिजतं आणि सामान निघण्याआधीच भरलेलं असतं. शाकाहारी असाल, किंवा लाल जाड मट्टा भाताऐवजी आपला नेहमीचा पांढरा भात हवा असेल, तर आदल्या दिवशी सांगा. चढल्यावर सांगून काही मिळत नाही. आणि दिवे लागल्यावर किडे येतात, भरपूर येतात. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांचं मलम खोलीत नको, हाताशी ठेवा.

आईंना रात्र बोटीवर नको असं वाटलं तर दिवसाची शिकारा, म्हणजे छताची छोटी बोट, तीन-चार तासांसाठी घ्या आणि रात्री कोचीत परत या. कमी खर्च, कालव्यांत जास्त आत जाता येतं, आणि झोप आपल्या पलंगावर. खरं तर अर्ध्याअधिक लोकांना मी हेच सुचवतो, पण हाउसबोटीचं नाव मोठं आहे.

मग सगळं असं बसतं. बुधवारी संध्याकाळपर्यंत कोचीत, परिषदेच्याच भागात मुक्काम, शनिवार रात्र धरून चार रात्री. रविवारी सकाळी सामानासकट आलप्पुळा. सोमवारी नऊला बोटीवरून उतरून गाडीने थेट फोर्ट कोची, एर्नाकुलममध्ये न शिरता. खोली दुपारपर्यंत मिळणार नाही, बॅगा तिथे ठेवा. आधी मट्टनचेरी : राजवाडा सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला, पुढे डचांनी दुरुस्त केला, म्हणून नाव डच पॅलेस. बाहेरून साधा आहे, आत भिंतींवरची रामायणातली चित्रं हे तिथे जाण्याचं कारण. ती वरच्या मजल्यावर आहेत, जिना एकदाच चढावा लागतो. सिनेगॉग १५६८चं, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्यांचं. दुपारी मधल्या वेळेत ते बंद ठेवतात, तेव्हा एकतर एकच्या आत पोहोचा किंवा तीननंतर. संध्याकाळी पाचला कथकलीच्या रंगभूषेला. पुढच्या रांगेत आईंसाठी पाठ असलेली खुर्ची मिळेल का, हे तिकीट काढतानाच विचारा. मंगळवारी सकाळी ऊन चढायच्या आत चिनी जाळी आणि सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामाला १५२४मध्ये आधी इथेच पुरलं होतं, नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. फोर्ट कोचीचा किनारा चालायला आहे, पोहायला नाही. समुद्रात उतरायचं तर वैपीन बेटाच्या उत्तर टोकाकडे चेराई आहे, पण तुमच्या वेळेत ते बसत नाही, आणि न बसलं तरी चालेल.

रेल्वेने येणार असाल तर फोर्ट कोची आणि हाउसबोटीचा क्रम उलटा करा. मुंबईहून सुटणारी, पनवेलला थांबणारी नेत्रावती एक्स्प्रेस एर्नाकुलमच्या पुढे आलप्पुळ्यावरून तिरुवनंतपुरमला जाते. परतीची गाडीही आलप्पुळ्याला दुपारच्या सुमारास येते. म्हणून रविवार फोर्ट कोचीत, सोमवारी हाउसबोट, मंगळवारी नऊला उतरून तिथूनच गाडी. सामान घेऊन शहरात परतायला नको. तोटा इतकाच की रविवारी फोर्ट कोचीला स्थानिकांचीच तुफान गर्दी असते. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं चार महिने नाही. परिषदेची तारीख कळली म्हणून लगेच तिकीट मिळेल असं नाही, तो दिवस मोजून ठेवा. एर्नाकुलमला दोन स्थानकं आहेत, जंक्शन आणि टाउन. तिकिटावर कोणतं लिहिलंय ते बघूनच टॅक्सी सांगा.

ऑफिसच्या हिशेबाचं विचारलं नाहीत, पण याच गोष्टी नंतर छळतात. परतीचं तिकीट मंगळवारचं काढायचं असेल तर त्याच वेळी, त्याच साइटवर, रविवार सकाळच्या परतीचं भाडं किती होतं त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. हिशेब विभाग ‘परिषद शनिवारी संपली, मग हे तिकीट कसलं’ असं विचारतो, आणि दोन भाड्यांतला फरक दाखवता आला तर बहुतेक ठिकाणी प्रश्न तिथेच मिटतो. तुमच्या संस्थेचे नियम मात्र आधी वाचा, काही ठिकाणी रजा जोडून परतीचा प्रवास केला तर लेखी परवानगी लागते. सरकारी नोकरी असेल तर ड्यूटी लीव्ह, पुढची रजा आणि मुख्यालय सोडण्याची परवानगी एकाच अर्जात मागा. हॉटेलला सांगून खोलीची दोन बिलं करून घ्या : संस्थेच्या नावावर आणि जीएसटी क्रमांकासह परिषदेच्या रात्री, बाकीचं तुमच्या नावावर. घरच्यांची जादा माणसाची रक्कम पहिल्या बिलात येता कामा नये. बोर्डिंग पास फोनमध्ये असला तरी पीडीएफ करून ठेवा.

तुमचा पेपर कोणत्या सत्रात आहे, हे कार्यक्रमपत्रिका आल्याशिवाय कळत नाही आणि ती उशिराच येते. पहिल्याच सकाळी असला तर बुधवारचं शेवटचं विमान घेऊ नका, दुपारचं घ्या. शनिवारी शेवटच्या सत्रात असला तरी वरच्या बेताला धक्का लागत नाही, म्हणूनच सगळं फिरणं परिषदेनंतर ठेवलं आहे. पोस्टर असेल तर कापडावर छापा, घडी घालून बॅगेत बसतं. नळीतलं कागदी पोस्टर विमानात हातातल्या सामानाच्या वर एक वेगळी वस्तू ठरू शकतं आणि तुम्ही ते हाउसबोटीपर्यंत वागवत बसाल.

राहिला हरताळ, म्हणजे बंद. केरळात तो सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असतो, दुकानं आणि टॅक्सी बंद, आणि लोक तो गंभीरपणे पाळतात. उच्च न्यायालयाने २०१९मध्ये सात दिवसांची पूर्वसूचना सक्तीची केली, तरी आदल्या संध्याकाळी बातम्या बघण्याची सवय ठेवा. घोषणा झालीच तर सकाळी सहाच्या आत विमानतळाच्या बाजूला पोहोचा, तिथे खोल्या मिळतात. एरवी मंगळवारी फोर्ट कोचीहून विमानतळ साधारण चाळीस किलोमीटर, शहर ओलांडून. दीड ते दोन तास धरा, आणि विमान चारचं असेल तर बाराला गाडी दारात उभी हवी.